रीळ बदललं आणि बोर्ड रीसेट व्हायला लागले

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बसणारा कंट्रोलर. आत एसटीएम३२एफ१०३सी८टी६ ही मायक्रोकंट्रोलर चिप, जीएसएम मोडेम, दोन रिले आणि वेळापत्रकासाठी ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, १२.५ पिकोफॅरडवाला. या चिपांच्या जुन्या रिळातून केलेले ६० बोर्ड वर्षभर शेतात चालू आहेत, एकाचीही तक्रार नाही. नवं रीळ आलं, त्यातून १०० बोर्ड केले. त्यातले १३ बोर्ड टेस्टिंगच्या टेबलावरच दिवसातून चार-पाचदा आपोआप रीसेट होतात आणि वेगळ्याच ४ बोर्डांत घड्याळ सुरूच होत नाही. हेक्स फाइल (चिपेत भरायचा प्रोग्राम) तीच, पीसीबी तोच, असेंब्ली करणारा तोच; चिपवरचा डेट कोड, म्हणजे ती कधी बनली ते सांगणारा आकडा, तेवढा वेगळा. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रामने वेळेत हजेरी दिली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर, एक सेकंदाला लावलाय आणि प्रोग्राममधलं सगळ्यात लांब काम म्हणजे मोडेमच्या उत्तराची वाट पाहणं, जास्तीत जास्त ८०० मिलिसेकंद. रीळ परत करावं का?

परत करू नका, निदान या आठवड्यात तरी नाही. सप्लायरशी भांडायला जो पुरावा लागतो त्यातला एकही अजून तुमच्या हातात नाही, आणि माझा अंदाज असा की तो गोळा करता करता भांडायचं कारणच उरणार नाही.

मी भोसरीत वीसेक वर्षं कंट्रोलर बोर्ड करतोय. ‘या बॅचच्या चिपा खराब आहेत’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोललोय. त्यातलं खरं ठरलेलं एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. बाकी सगळ्या वेळी साप साप म्हणून भुई धोपटली. डेटाशीटमध्ये तीन रकाने असतात: किमान, ठरावीक, कमाल. आपण हिशेब करतो मधल्या रकान्यावर, आणि कंपनी हमी देते ती फक्त दोन टोकांची. भज्यांचा एक घाणा काढला की त्यातली सगळी भजी एका रंगाची निघतात. पुढच्या घाण्याला तेल जरा जास्त तापलेलं असतं. सिलिकॉनचंही तसंच आहे. एका लॉटमधल्या चिपा एकमेकींना धरून असतात, त्यामुळे पहिल्या लॉटवर सगळे बोर्ड सुरळीत चालले की डिझाइन पक्कं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही एकच घाणा चाखलेला असतो.

आधी तुमचे दोन त्रास वेगळे करा, कारण आकडे तसं सांगतायत. एक जुना हिशेब आहे, त्याला तीनचा नियम म्हणतात. काही नगांत एकही बिघाड दिसला नसेल तर ३ भागिले नगांची संख्या, एवढ्या प्रमाणापर्यंतचा बिघाड तरीही लपून असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. तुमचे ६० बोर्ड म्हणजे ५ टक्के. आता घड्याळाचा बिघाड ४ टक्के आहे. जुन्या रिळातही तो तेवढाच होता आणि ६० बोर्डांत नशिबाने दिसला नाही, याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. अशा शक्यतेवर मी रीळ परत करणार नाही. रीसेटचे मात्र १३ टक्के आहेत. तो दर जुन्या बोर्डांत असता तर ६० पैकी शून्य येणं चार हजारांत एकदा घडलं असतं. म्हणजे रीसेटच्या बाबतीत काहीतरी खरोखर बदललंय, आणि घड्याळाच्या बाबतीत बहुधा काहीच बदललेलं नाही. तो दोष पहिल्यापासून तुमच्याच घरात होता. दोन्ही लक्षणं एकाच रिळाच्या माथी मारलीत तर महिनाभर गोल गोल फिराल.

आणखी एक. जुने बोर्ड शेतात आहेत आणि नवे तुमच्या टेबलावर. ही तुलनाच नव्हे. शेतात मोडेमला टॉवर वेगळा, सप्लाय वेगळा, आणि मुख्य म्हणजे तिथे रात्री तीन वाजता बोर्ड रीसेट होऊन दोन सेकंदांत परत उभा राहिला तर शेतकऱ्याला कळणारही नाही. पंप चालू असताना झालं तरच तक्रार येते, आणि तेव्हाही लाइट गेली असेल म्हणून तो सोडून देतो. जुन्या रिळाचे दोन बोर्ड परत मागवा आणि नव्यांच्या शेजारी, त्याच पॉवर सप्लायवर, त्याच कंपनीचं सिम घालून चार दिवस ठेवा. आणि खरेदीची फाइल काढून बघा: चिपबरोबर आणखी काय काय नवीन आलं? क्रिस्टल, रेग्युलेटर, इलेक्ट्रोलिटिक, मोडेम. ‘सगळं तेच आहे’ असं सांगणाऱ्याने बहुतेक वेळा बिलं पाहिलेली नसतात. मोडेमचं फर्मवेअर बदललं की उत्तर द्यायचा वेळ बदलतो, हे तर फार जण विसरतात.

मग चिपांची अदलाबदल. बिघडलेल्या बोर्डावरची चिप चांगल्या बोर्डावर, चांगल्यावरची बिघडलेल्यावर, निदान तीन जोड्या. दोष चिपबरोबर गेला तर चिपकडे बघायचं, बोर्डावरच राहिला तर बोर्डाकडे. हे सगळ्यांना माहीत असतं. न केलं जाणारं काम पुढचं आहे: एका बिघडलेल्या बोर्डावरची चिप हॉट एअरने उचला, साफ करा आणि तीच चिप त्याच बोर्डावर परत बसवा. एवढ्यानेच बोर्ड बरा झाला तर दोष सोल्डरिंगचा किंवा फ्लक्सचा होता आणि तुमची आधीची अदलाबदल फुकट गेली. हा पडताळा न केल्याने मी एकदा एका डिस्ट्रिब्युटरकडे ४० चिपा परत पाठवल्या होत्या. पंधरा दिवसांनी त्या ‘सर्व नग ठीक’ असा शेरा घेऊन परत आल्या. खरी भानगड व्हीडीडीएच्या (ॲनालॉग सप्लायच्या) पिनेखालचं ड्राय सोल्डर होती. फोनवर माफी मागितली, आणखी काय करणार.

आता रीसेट. रीसेट का झाला हे चिप स्वतः सांगते, विचारावं लागतं एवढंच. आरसीसीच्या (चिपमधला रीसेट आणि क्लॉक सांभाळणारा भाग) सीएसआर रजिस्टरमध्ये सहा झेंडे, म्हणजे एकेका बिटाच्या खुणा, असतात: पिनेवरून, पॉवर-ऑनमुळे, सॉफ्टवेअरने, स्वतंत्र वॉचडॉगने, विंडो वॉचडॉगने आणि लो-पॉवरमुळे. प्रोग्रामचं मेन फंक्शन सुरू होताच पहिल्या ओळीत हे रजिस्टर वाचा, बॅकअप रजिस्टरमध्ये टाका आणि मग आरएमव्हीएफ बिट देऊन झेंडे पुसा. पुसले नाहीत तर जुने झेंडे साठत जातात आणि तिसऱ्या रीसेटला सगळेच उभे दिसतात. या चिपमध्ये १६ बिटांची १० बॅकअप रजिस्टरं आहेत. रीसेटने ती पुसली जात नाहीत. एकात झेंडे, एकात रीसेटची मोजणी, आणि एकात ‘आत्ता कुठलं काम चालू आहे’ याचा क्रमांक ठेवा. मोडेमची वाट बघायला जाताना ७ लिहिलं, परत आल्यावर ० लिहिलं, इतकं साधं. रीसेटनंतर ७ सापडला की गुन्हेगार सापडला.

एक चकवा इथेच सांगून ठेवतो. आतून कुठल्याही कारणाने रीसेट झाला तरी चिप स्वतःची एनआरएसटी (रीसेटची) पिन क्षणभर खाली ओढते, त्यामुळे पिनवाला झेंडा जवळजवळ नेहमीच उभा असतो. नवशिक्या माणूस तो बघतो आणि एनआरएसटीवरचा कॅपॅसिटर बदलत बसतो. तो झेंडा एकटाच उभा असेल तरच त्याला किंमत द्या.

माझी पैज स्वतंत्र वॉचडॉगच्या झेंड्यावर आहे, आणि कारण तुमच्याच आकड्यांत आहे. हा वॉचडॉग तुमच्या ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालत नाही. तो चालतो एलएसआय नावाच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर. डेटाशीटमध्ये त्याची फ्रिक्वेन्सी बघा: किमान ३०, ठरावीक ४०, कमाल ६० किलोहर्ट्झ. ही छपाईची चूक नाही. एका टोकापासून दुसरं टोक दुप्पट! तुम्ही ‘एक सेकंद’ लावलात म्हणजे बहुतेक ३२ चा प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) आणि १२५० चा रीलोड (जिथून उलटी मोजणी सुरू होते तो आकडा), म्हणजेच ४०,००० टिकटिक. एलएसआय ४० किलोहर्ट्झ असेल तर १ सेकंद. ३० असेल तर १.३३ सेकंद. ६० असेल तर ०.६७ सेकंद. तुमचं सगळ्यात लांब काम ०.८ सेकंदाचं, म्हणजे ज्या चिपेचा एलएसआय ५० च्या वर आहे ती चिप, मोडेमने पूर्ण वेळ घेतला की रीसेट होणार. मोडेम एरवी पाव सेकंदात उत्तर देतो. पूर्ण ८०० मिलिसेकंद कधी घेतो? नेटवर्क गेलं, सिम नव्याने रजिस्टर होतंय, तेव्हा. दिवसातून चार-पाचदा. जुना घाणा ४० च्या आसपास असणार, नव्यातल्या काही चिपा पन्नाशी ओलांडून गेल्या. दोन्ही लॉट हमीच्या आत. सप्लायर डेटाशीट उघडून तुमच्यासमोर ठेवेल आणि तुम्हाला बोलायला तोंड राहणार नाही.

पण माझ्या पैजेवर जाऊ नका, मोजा. काही मोठ्या भावंडांमध्ये एलएसआय आतूनच टायमर ५ ला जोडून मोजता येतो. तुमच्या चिपेत, म्हणजे सी८ मध्ये, टायमर ५ नाहीच, म्हणून लोक सोडून देतात. सोपा रस्ता आहे. एक छोटं टेस्ट फर्मवेअर लिहा: एलएसआय चालू करा, आरटीसीचा (चिपमधल्या घड्याळाचा) क्लॉक म्हणून एलएसआय निवडा, आरटीसी सुरू करा आणि बॅकअप भागातल्या आरटीसीसीआर रजिस्टरचा सीसीओ बिट लावा. आता आरटीसीचा क्लॉक ६४ ने भागून पीसी१३ पिनेवर बाहेर येतो. मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवा आणि टोक टेकवा. ६२५ दिसलं तर एलएसआय ४० किलोहर्ट्झ. ७८१ म्हणजे ५०. शंभर बोर्डांना एक दुपार लागेल. वहीत दोन रकाने करा, हर्ट्झ आणि रीसेट होतो की नाही. ७८१ च्या वरचे बोर्ड आणि रीसेटवाले बोर्ड तेच निघाले की प्रश्न संपला. रीसेटवाल्यांपेक्षा ७८१ वरचे दोन-चार जास्त निघाले तरी गोंधळू नका, त्यांच्या मोडेमने अजून पूर्ण वेळ घेतलेला नसेल. पण ७८१ च्या खूप खालचा एखादा बोर्ड रीसेट होत असेल तर तो वेगळा ठेवा, त्याचं दुखणं दुसरं आहे.

यात अडकण्यासारख्या दोन जागा. आरटीसीचा क्लॉक एकदा निवडला की बॅकअप भाग रीसेट केल्याशिवाय बदलता येत नाही. बोर्डावर बटण सेल असेल तर पॉवर काढून घालूनही जुनीच निवड राहते, म्हणून टेस्ट फर्मवेअरमध्ये आधी बीडीआरएसटी बिट द्या. आणि दुसरं, डीबगर लावल्यावर त्रास गायब झाला तर खूश होऊ नका: डीबग सेटिंगमध्ये ‘कोर थांबला की वॉचडॉग थांबव’ असा बिट असतो आणि बरीच सॉफ्टवेअरं तो न विचारता लावतात.

उपाय काय? हिशेब टोकांवरून करा. सगळ्यात लांब काम ०.८ सेकंद, त्याच्या दुप्पट १.६ सेकंद हा वॉचडॉगचा सगळ्यात छोटा वेळ हवा, तोही एलएसआय ६० असताना. म्हणजे ९६,००० टिकटिक. ३२ चा प्रीस्केलर ठेवून रीलोड ३,०००. तो ४,०९५ च्या आत बसतो. मग ४० ला २.४ सेकंद आणि ३० ला ३.२ सेकंद येतील. पंपाच्या स्टार्टरला सव्वातीन सेकंद चालतील का हे तुम्ही ठरवा. रिले अडकून राहिला तर काय, हा प्रश्न वॉचडॉगवर न सोडता हार्डवेअरने सोडवलेला असावा असं माझं मत, पण तो वेगळा विषय. त्याहून चांगलं म्हणजे मोडेमची वाट पन्नास-पन्नास मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बघा आणि मुख्य लूप फिरता ठेवा. कृपा करून टायमरच्या इंटरप्टमधून वॉचडॉगला खाऊ घालू नका. मुख्य प्रोग्राम मरून पडला तरी इंटरप्ट चालू राहतो आणि कुत्रा शेपूट हलवत बसतो.

झेंडा दुसराच निघाला तर? पॉवर-ऑनचा असेल तर सप्लाय बसतोय: रिले ओढताना ३.३ व्होल्टच्या रेषेवर स्कोप लावा, सिंगल ट्रिगर २.५ व्होल्टला, आणि मोडेम बोलायला लागतो तो क्षणही पकडा. जीएसएमचे करंटचे झटके २ ॲम्पिअरपर्यंत जातात. सॉफ्टवेअरचा असेल तर बहुधा हार्डफॉल्टमधून, म्हणजे प्रोग्राम कोसळल्यावर चालणाऱ्या कोडमधून, तुम्हीच रीसेट मारताय, आणि मग बॅच-बॅचच्या फरकाची तीन नेहमीची कारणं आहेत. पहिलं, ७२ मेगाहर्ट्झला फ्लॅशचे दोन वेट स्टेट (वाचताना थांबायचे टप्पे) लागतात. कोणीतरी वेग वाढावा म्हणून एकच ठेवला असेल तर जुना लॉट उदारपणे चालवून घेतो, नवा नाही. हेअर ड्रायरने चिप तापवली की हा दोष लगेच उघडा पडतो. दुसरं, सी८ म्हणजे ६४ किलोबाइट. यातल्या बऱ्याच चिपांत पुढचे ६४ किलोबाइटही उत्तर देतात हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लोक खुशाल वापरतात. त्या भागाची चाचणी करून दिलेली नाही, हमी नाही, पुढच्या लॉटमध्ये तो असेलच असं नाही. तुमची हेक्स फाइल किती मोठी आहे ते आजच बघा.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं, कारण ते सिद्ध करायला खराब चिप लागतच नाही. पॉवर आल्यावर रॅममध्ये काय पडलेलं असतं? कचरा. पण तो कचराही स्वभावाचा असतो: प्रत्येक सेल घडणीप्रमाणे ० कडे किंवा १ कडे कलतो. सुरुवातीची किंमत न दिलेला एखादा स्थानिक व्हेरिएबल जुन्या लॉटवर योगायोगाने शून्य मिळवत राहतो आणि नव्या लॉटवर नाही. स्टार्टअप कोडमध्ये, मेनच्या आधी, सगळी रॅम एकदा ‘एए’ने आणि एकदा ‘५५’ने भरून बघा. चांगला, जुना, वर्षभर न बिघडलेला बोर्ड असं केल्यावर कोसळला तर चिपेला बोल लावायची सोय राहिली नाही.

आता घड्याळाचे ते ४ बोर्ड. इथे मला जवळजवळ खात्री आहे आणि ती तुमच्या एका आकड्यामुळे: १२.५ पिकोफॅरड. एसटीएम३२एफ१०३ च्या डेटाशीटमध्ये ३२ किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरखाली सावधगिरीची टीप आहे: ७ पिकोफॅरड किंवा त्याहून कमी लोडचा क्रिस्टल घ्या, १२.५ चा कधीच वापरू नका. ‘कधीच’ हा शब्द डेटाशीटवाले सहसा वापरत नाहीत. का, ते हिशेबात दिसतं. आतल्या ॲम्प्लिफायरचा जोर ५ मायक्रोॲम्पिअर प्रति व्होल्ट. क्रिस्टलला हलवायला किमान किती लागतो? चार गुणिले ईएसआर (क्रिस्टलचा आतला रोध), गुणिले कोनीय वारंवारतेचा वर्ग, गुणिले एकूण कपॅसिटन्सचा वर्ग. ईएसआर ५० किलोओहम आणि स्वतःची कपॅसिटन्स १ पिकोफॅरड धरली तर १२.५ च्या क्रिस्टलला १.५५ लागतो. ५ भागिले १.५५, म्हणजे सव्वातीन पट. चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीची ऑसिलेटरवरची ॲप्लिकेशन नोट, एएन२८६७, किमान पाच पट मागते. त्याच ईएसआरचा ६ पिकोफॅरडचा क्रिस्टल घेतला तर हाच आकडा बारा पट येतो. कपॅसिटन्स निम्मी झाली की ओझं चौथाई होतं, सगळी गंमत त्या वर्गात आहे.

सव्वातीन पटीवर बहुतेक बोर्ड चालतात. क्रिस्टलचा ईएसआर ७० किलोओहम निघाला, पिनांमध्ये थोडा फ्लक्स राहिला, हवा दमट झाली, की शंभरातले चार बसतात. म्हणून म्हटलं, हा दोष रिळाचा नाही. पडताळायला पुन्हा पीसी१३ आणि सीसीओ बिट वापरा, या वेळी क्लॉक एलएसई (बाहेरच्या ३२ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलचा ऑसिलेटर) ठेवून: ५१२ हर्ट्झ दिसायला हवं. पीसी१४-पीसी१५ वर, म्हणजे क्रिस्टलच्या पिनांवर, स्कोपचा प्रोब लावू नका. प्रोबचीच दहा-पंधरा पिकोफॅरड कपॅसिटन्स असते. चालू ऑसिलेटर बंद पडतो, आणि क्वचित बंद पडलेला चालूही होतो, मग तर तुम्ही कामातूनच गेलात. आधी त्या चार बोर्डांवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने क्रिस्टलची जागा धुवा. मग ६ पिकोफॅरडचा क्रिस्टल लावा आणि दोन्ही कॅपॅसिटर ८ पिकोफॅरडचे करा, ट्रॅकचे २ धरून. शेतातल्या ६० बोर्डांचं पुढच्या पावसाळ्यात काय, त्याचाही विचार करून ठेवा.

बॅचचा फरक किती फसवा असतो त्याचा माझा एक किस्सा. दूध संकलन केंद्रात वजनकाट्याचा आकडा बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर दाखवणारी पेटी होती, आत एटीमेगा३२८पी ही चिप. दहा रुपये वाचवायला क्रिस्टल न लावता आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालवली, सिरियल ५७,६०० ला. पहिला लॉट उत्तम. दुसऱ्या लॉटला पहाटे डिस्प्लेवर अधूनमधून कचरा. मी चिपेवर डोळे वटारले. मग क्लॉक आउटचा फ्यूज (चिपेतला सेटिंगचा बिट) लावून पीबी० वर फ्रिक्वेन्सी मोजली: जुन्या चिपा ७.८८, नव्या ८.१२ मेगाहर्ट्झ. फॅक्टरीची हमी ३ व्होल्ट आणि २५ अंशाला अधिक-उणे १० टक्के. माझी पेटी ५ व्होल्टवर. दीड टक्का म्हणजे काहीच नाही. मग बिघडलं का? ८ मेगाहर्ट्झवरून ५७,६०० नेमकं मिळतच नाही, मिळतं ५८,८२४, म्हणजे २.१ टक्के जास्त. जुना लॉट दीड टक्का मंद असल्याने माझ्या चुकीवर पांघरूण घालत होता. नव्या लॉटने ते ओढलं आणि चूक साडेतीन टक्क्यांच्या वर गेली. ३८,४०० वर आणलं, तिथे गणिताची चूक फक्त ०.२ टक्के, आणि पुढच्या पीसीबीवर मुकाट्याने क्रिस्टल लावला.

चिप खरी आहे का, हेही बघायला हवंच, पण पहिल्या दिवशी नाही. २०२१ च्या टंचाईत लोकांनी मिळेल तिथून माल उचलला, आणि याच चिपेच्या वेशात दुसऱ्याच कंपन्यांच्या चिपा फिरायला लागल्या. तशा जोडचिपा स्वतःच्या नावाने विकल्या जातात त्यात गैर काही नाही, पण फ्लॅशचा वेग वेगळा असल्याने रिकाम्या लूपने केलेले डिले बदलतात. एसडब्ल्यूडीवरून, म्हणजे डीबगच्या जोडणीवरून, आयडी वाचा: अस्सल चिपेत डीबग पोर्टचा आयडी १ ने सुरू होतो, बऱ्याच नकलांत २ ने. डिव्हाइस आयडी ४१० यायला हवा आणि त्याच्यासोबतचा रिव्हिजन क्रमांक जुन्या-नव्या रिळात जुळतो का ते बघा. तो बदललेला असेल तर एराटा शीट (चिपेतल्या माहीत असलेल्या चुकांची यादी) त्या रिव्हिजनसाठी पुन्हा वाचावी लागेल. हा आयडी फर्मवेअरमधून वाचायला जाऊ नका, या चिपेत तिथून शून्य येतं, तेही एराटातच लिहिलंय. ९६ बिटांचा युनिक आयडी मात्र वाचून प्रत्येक बोर्डासमोर लिहून ठेवा. एसटीच्याच एफ० कुटुंबाच्या मॅन्युअलमध्ये त्यात लॉट क्रमांक, वेफर क्रमांक आणि वेफरवरची जागा असते असं स्पष्ट दिलंय. तुमच्या कुटुंबाचं मॅन्युअल फोड करून देत नाही, पण बिघडलेल्या नगांचे आयडी एकसारखे दिसले तर ती खूण वाया जात नाही.

अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून घेतलं असेल तर त्यांच्याकडे या पार्ट नंबरच्या बदलाच्या नोटिसा मागा: फॅब (चिप बनते तो कारखाना) बदललं, पॅकेजिंग दुसऱ्या देशात गेलं, की कंपनी ती नोटीस काढते. ट्रेडरकडून घेतलं असेल तर ती तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही, स्वस्तातल्या रिळाची ती किंमत.

तर आता क्रम असा ठेवा. सीएसआर वाचणारं फर्मवेअर तेरा बोर्डांत आज, पीसी१३ वरचं मोजमाप शंभर बोर्डांवर उद्या, चार बोर्डांचे क्रिस्टल परवा. मला हर्ट्झचा रकाना पाठवा, मग रिळाचं बघू. आणि उरलेलं रीळ उघडं पडलं असेल तर आत्ताच सिलिका जेल घालून बंद करा. पिशवीवर एमएसएल ३ (चिपेला ओलाव्यापासून किती जपायचं त्याची पातळी) छापलेलं असेल तर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला फक्त १६८ तास मिळतात, आणि पावसाळ्यात शॉपमध्ये आर्द्रता ८५ च्या खाली येत नाही. १२५ अंशाला भाजायचं ठरवलंत तर आधी चिपा ट्रेमध्ये काढा; आमच्याकडे एका पोराने रिळासकट ओव्हनमध्ये ठेवलं होतं, टेप वितळून चिपांना चिकटली ती अजून कपाटात आहे.